नागपूरचें स्थानक आणि नागपूरचा पाहुणा

गांवाची पहिली ओळख त्याच्या वेशींत होते, असें जुने लोक म्हणत. वेशी गेल्या, त्यांच्या जागीं आगगाडीचीं स्थानकें आलीं, आणि पाहुण्याचें पहिलें मत तेथेंच बनूं लागलें. फलाटावरची गर्दी, हमालांची हाकाटी, नळाजवळचा चिखल, बाहेर पडतांच दिसणारा रस्ता, एवढ्याच पुराव्यावर माणूस एका शहराविषयीं आपला निकाल देऊन मोकळा होतो. बहुतेक शहरांना हा निकाल फिरवून घेण्याची संधि मिळते. पाहुणा स्थानकांतून बाहेर पडतो, चार दिवस राहतो, आणि चौथ्या दिवशीं त्याचें मत पहिल्या दिवसाचें राहत नाहीं.

नागपूरची गोष्ट जरा निराळी आहे. नागपुरास उतरणाऱ्या माणसांच्या मानानें नागपुरावरून जाणाऱ्या माणसांची संख्या नेहमींच मोठी राहिली आहे. दिल्लीहून मद्रासेस आणि मुंबईहून कलकत्त्यास जाणाऱ्या कित्येकांच्या लेखीं नागपूर म्हणजे अपरात्रीं खिडकींतून दिसलेला एक लांब फलाट, घाईनें घेतलेला चहा आणि संत्र्यांची एक करंडी. या तीन वस्तूंवरून शहराची परीक्षा होत आली आहे. ती परीक्षा कितपत खरी, हा प्रश्न सोडवावयाचा तर तें स्थानक कोणीं, केव्हां आणि कोणाच्या सोयीसाठीं बांधलें, हें पाहावें लागतें. कारण स्थानकाचें दार ज्या दिशेला असतें, तेवढेंच शहर पाहुण्याला दिसतें.

आगगाडीपूर्वीं नागपुरास येणारा पाहुणा राहण्याच्या तयारीनेंच येत असे. सन १७९९ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून भोसल्यांच्या दरबारीं आलेला संस्कृतज्ञ कोलब्रुक मजल दरमजल करीत आला आणि सुमारें दोन वर्षें राहिला. इतक्या लांबून, इतके कष्ट सोसून आलेल्या माणसाला तासाभरांत परत जातां येत नसे. त्याला महालांतील वाडे, शुक्रवारी तलाव, इतवारींतील पेठ आणि सीताबर्डीची जोडटेकडी, सर्व सावकाशीनें पाहावें लागे. तेव्हां नागपूर राजधानी होतें, आणि राजधानीला पाहुण्याची वाट पाहावी लागत नाहीं.

सन १८५३ या एका वर्षांत दोन गोष्टी घडल्या. १६ एप्रिल रोजीं मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली. आणि डिसेंबरांत तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीनें दत्तकाचा हक्क न मानतां नागपूरचें राज्य खालसा केलें. आगगाडीचें जाळें देशभर पसरावें असा आग्रह धरणाराही हाच डलहौसी. पुढें १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण झाला व नागपूर त्याची राजधानी झालें. म्हणजे राजधानीपण परत आलें, पण तें आतां दुसऱ्याच्या हातचें होतें.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८६७ मध्यें नागपुरास पोंचले. मुंबईपासून हें अंतर सुमारें ५२० मैलांचें. पाहुण्यांची सोय हा या मार्गाचा मुख्य हेतु नव्हता. वऱ्हाड, वर्धा आणि हिंगणघाट या भागांतला कापूस बंदरावर नेणें हा होता. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टि इकडच्या काळ्या जमिनीवर खिळली. गंमत अशी कीं, रूळ नागपुरास येईपर्यंत तें युद्ध संपून दोन वर्षें झालीं होतीं. भाव उतरले, पण रूळ राहिले. आणि रुळांवरून कापसाच्या गांठींबरोबर माणसेंही येऊं लागलीं.

त्या आरंभींच्या पाहुण्यांत एक फार तीक्ष्ण दृष्टीचा होता. त्याचें नांव जमशेटजी टाटा. मुंबईच्या व्यापाऱ्यांना गिरणी म्हटली कीं ती मुंबईंतच, असें वाटे. टाटांनीं उलट विचार केला: कापूस जेथें पिकतो आणि आगगाडी जेथें थांबते, तेथेंच सूत कां काढूं नये? त्यांनीं शुक्रवारी तलावाजवळची दलदलीची जागा पसंत केली आणि ती भरून काढण्यास आरंभ केला. तेव्हां एका सावकारानें पैसा देण्याचें नाकारलें. हा गृहस्थ खड्ड्यांत सोनें पुरीत आहे, असें त्याचें मत पडलें. १ जानेवारी १८७७ रोजीं एम्प्रेस मिल सुरू झाली. कांहीं वर्षांनीं त्याच सावकारानें आपली चूक कबूल केली, कीं टाटांनीं सोनें पुरलें नाहीं, माती पुरली आणि सोनें काढलें. ही आख्यायिका टाटांच्या चरित्रांत प्रसिद्ध आहे. तिच्याहून कमी प्रसिद्ध, पण अधिक बोलकी गोष्ट अशी कीं, या गिरणीच्या कारभारासाठीं टाटांनीं निवडलेले बेझनजी मेहता हे सूतकामांतले तज्ज्ञ नव्हते. ते रेल्वेच्या माल-खात्यांतले अधिकारी होते. माल कोठून येतो आणि कोठें जातो हें ज्याला कळतें, त्याला नागपूर कळेल, हा त्या निवडींतला हिशेब होता. ती गिरणी आज नाहीं. परंतु स्थानकावर उतरलेल्या एका पाहुण्यानें शहराची शक्ति ओळखली, याचें तेंच पहिलें मोठें उदाहरण होय.

पण रुळांनीं आणखी एक काम केलें, आणि त्याचा परिणाम फार काळ टिकला. लोहमार्ग शहराच्या मधून उत्तर-दक्षिण गेला. त्याच्या पूर्वेस जुनें नागपूर राहिलें: महाल, इतवारी, शुक्रवारी, विणकरांच्या आणि सोनारांच्या वस्त्या. पश्चिमेस सीताबर्डीची टेकडी, जेथें नोव्हेंबर १८१७ मध्यें भोसल्यांच्या सैन्याचा आणि इंग्रजांचा संग्राम झाला. आणि टेकडीपलीकडे साहेबांचे बंगले, कचेऱ्या, रुंद सावलीचे रस्ते. स्थानकाचें मुख्य दार पश्चिमेकडे उघडलें. टांग्यांत बसून निघालेल्या पाहुण्याला पहिल्या पांच मिनिटांत दिसे तो किल्ला आणि बंगल्यांची वस्ती. ज्या शहरानें नागपूर हें नांव मिळविलें तें त्याच्या पाठीमागें राहून जाई. त्यामुळें 'शहर मोकळें, हवेशीर, पण जरा सुनें' असा अभिप्राय देणाऱ्या पाहुण्याला दोष देतां येत नाहीं. त्याला शहर दाखविलेंच नव्हतें.

या मोठ्या दाराशेजारीं कांहीं लहान दारेंही होतीं. पूर्वेकडे छत्तीसगढाच्या दिशेनें १८८० च्या सुमारास मीटर गेजचा मार्ग काढण्यांत आला. १८८७ मध्यें स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें तो घेऊन रुंद केला आणि पुढें थेट कलकत्त्यापर्यंत नेला. लंडनमध्यें नोंदलेल्या एका कंपनीनें आपल्या नांवांत नागपूर हा शब्द घातला, आणि शहराचें नांव बंगालच्या लहान लहान स्थानकांवरील पाट्यांपर्यंत जाऊन पोंचलें. याखेरीज अडीच फुटी रुळांच्या लहान गाड्या निघाल्या, एक छिंदवाड्याकडे, दुसरी नागभीडकडे. या गाड्यांना वेग नव्हता, डब्यांत ऐस नव्हती. पण झाडीपट्टींतला शेतकरी आणि सातपुड्यांतला गोंड यांना नागपूर दाखविलें तें या गाड्यांनीं. कोणी कोर्टाच्या तारखेस येई, कोणी दवाखान्यांत, कोणी लग्नाचा बस्ता घेण्यास. हा पाहुणा इतवारीच्या लहानशा स्थानकावर उतरे आणि चार पावलांत बाजाराच्या ऐन मध्यावर उभा राही. मोठ्या स्थानकावरच्या साहेबाला जें शहर दिसत नव्हतें, तें या अनवाणी प्रवाशाला पहिल्या क्षणीं दिसे. छिंदवाड्याची लहान गाडी २०१५ मध्यें आणि नागभीडची २०१९ मध्यें रूळ रुंद करण्यासाठीं बंद झाली. मोतीबागेंत डिसेंबर २००२ मध्यें उघडलेल्या संग्रहालयांत तसलीं इंजिनें आतां मुलांच्या कुतूहलाचा विषय होऊन उभीं आहेत.

सन १९२० च्या डिसेंबरांत नागपुरानें पाहुण्यांची अशी गर्दी पाहिली कीं, पूर्वीं तशी पाहिली नव्हती. राष्ट्रसभेच्या त्या अधिवेशनास साडेचौदा हजारांवर प्रतिनिधि आले. अध्यक्ष होते सेलमचे विजयराघवाचार्य. असहकारितेचा ठराव येथें कायम झाला, आणि भाषावार प्रांतिक समित्यांची योजना येथेंच पक्की झाली. मद्रासी, बंगाली, पंजाबी, गुजराती, असे नाना भाषा बोलणारे लोक एकाच फलाटावर उतरले. आणि त्या फलाटावरून निघून त्यांनीं भाषेच्या पायावर देशाची घडी कशी बसवावी याचा निर्णय केला. नागपूर मध्यावर आहे, ही गोष्ट अधिवेशनाच्या सोयीची होतीच. परंतु मध्यावर असणें म्हणजे केवळ ओलांडलें जाणें नव्हे, तें एकत्र बसण्याचें ठिकाणही होऊं शकतें, हें त्या आठवड्यांत सिद्ध झालें. काँग्रेसनगर या नांवांत त्या पाहुण्यांची आठवण अजून टिकून आहे.

आज जी दगडी इमारत नागपूरचें स्थानक म्हणून ओळखली जाते तिचें उद्घाटन १५ जानेवारी १९२५ रोजीं मध्यप्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्तें झालें. सावनेरकडील वालुकाश्मांत बांधलेली ही वास्तु दुरून पाहणाऱ्याला कचेरीसारखी गंभीर वाटते, आणि तसें वाटावें हाच तिचा उद्देश होता. प्रांताच्या राजधानीला शोभेल असें दार तें. त्याच सुमारास इटारसीकडील मार्ग पुरा झाला. आणि दक्षिणेकडे बल्लारशहा ते काझीपेठ हा राहिलेला दुवा जोडला गेल्यावर १९२९ मध्यें ग्रँड ट्रंक एक्सप्रेस सुरू झाली. आरंभीं ती पेशावराहून मंगळुरास जात असे, आणि त्या प्रवासास चार दिवसांहून अधिक काळ लागे. खैबरच्या पायथ्यापासून अरबी समुद्रापर्यंतचा हा धागा नागपुरांतून ओंवला गेला. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा दोन्ही वाटा येथें मिळाल्या. दिल्ली, मद्रास आणि हावडा हीं तीन्ही स्थानकें येथून सुमारें १,१०० किलोमीटरांवर. मुंबई तेवढी जवळ, सुमारें ८४०. एवढ्या समतोल जागीं दुसरें शहर नाहीं, असा अभिमान नागपूरकरांनीं बाळगला. १९०७ चा मोजणी-खात्याचा स्तंभ तर लोकांनीं देशाचा मध्यबिंदुच ठरवून टाकला.

या अभिमानाची एक उणी बाजू होती. जो गांव सर्वांना सारखाच दूर, त्या गांवीं उतरण्याचें कोणालाच विशेष कारण नसतें. गाडी थांबे, इंजिन पाणी घेई, प्रवासी पाय मोकळे करी. फलाटावर संत्रेंवाला येई. भोसल्यांनीं या भागांत आणलें असें परंपरा ज्या फळाविषयीं सांगते, तें फळ घेऊन प्रवासी पुढें जाई आणि नागपूर पाहिल्याचें समाधान मानी. वास्तविक हें फळही नागपूरचें पाहुणेंच. त्याच्या मोठ्या बागा काटोल-नरखेडकडे आणि अमरावती जिल्ह्यांतील वरुड-मोर्शीकडे. आंबिया बहाराचें फळ हिवाळ्याच्या तोंडीं आणि मृग बहाराचें उन्हाळ्याच्या आधीं नागपूरच्या बाजारांत येतें, करंड्यांत भरलें जातें आणि गाडींत चढतें. शहर त्याला नांव देतें. मुक्काम देत नाहीं. उत्तरेकडून येणारा प्रवासी नरखेड आणि काटोल ओलांडतांना खिडकीबाहेर पाहील, तर पुढच्या फलाटावर ज्याचे पैसे तो मोजणार आहे तें झाड त्याला आधींच दिसेल.

हाच प्रकार आकाशांतही झाला. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्रीं एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानें सोनेगांवच्या तळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्या आणि उतारू यांची अदलाबदल होई. आणि उजाडण्यापूर्वीं तीं विमानें आपापल्या घरीं परतत. दिल्लीचें पत्र दुसऱ्या दिवशीं मद्रासेस मिळूं लागलें, तें नागपुरामुळें. सत्तरीच्या दशकाच्या आरंभापर्यंत ही व्यवस्था चालली. देशाच्या चार टोकांची माणसें रोज रात्रीं नागपुरास भेटत, आणि नागपूर त्या वेळीं निजलेलें असे.

सन १९५६ मध्यें या सर्व कथेला वळण लागलें. १ नोव्हेंबर रोजीं राज्यपुनर्रचना अंमलांत आली, विदर्भ मुंबई राज्यांत गेला, आणि मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. सचिवालयांत अर्ज घेऊन येणारा, मंत्र्यांची भेट मागणारा, बदलीवर रुजू होणारा पाहुणा आटला. ज्याच्यासाठीं १९२५ चें तें भव्य दार बांधलें होतें, तोच येईनासा झाला. पुढें नागपूर करारास अनुसरून विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशन येथें भरूं लागलें आणि दरसाल कांहीं दिवस ती जुनी वर्दळ परत येऊं लागली. पण अधिवेशनाचा पाहुणा परतीचें तिकीट खिशांत ठेवूनच येतो.

मात्र राजधानीपण जाण्याच्या अवघ्या अठरा दिवस आधीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, विजयादशमीला, याच स्थानकावर निराळाच पाहुणा उतरला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्या दिवशीं नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखोंच्या समुदायाला दिली. खेड्यापाड्यांतून, गिरणीच्या चाळींतून, पदरमोड करून, भाकरी बांधून लोक आले होते. त्या दिवसापासून दरवर्षीं दसऱ्याला नागपूरचे आणि अजनीचे फलाट पांढऱ्या वस्त्रांनीं भरून जातात. या पाहुण्याला नागपूर 'मध्यें लागणारें' गांव नाहीं. त्याच्या प्रवासाचें तें शेवटचें स्थानक आहे. तो चहासाठीं उतरत नाहीं. तो मुलाला खांद्यावर घेऊन दीक्षाभूमीची वाट विचारतो, पुस्तकांच्या दुकानांपुढें थांबतो, उघड्यावर रात्र काढतो आणि परत जातांना शहराचें नांव कृतज्ञतेनें घेतो. राजसत्तेनें ज्या वर्षीं शहराकडे पाठ फिरविली, त्याच वर्षीं लोकांनीं त्याच्याकडे तोंड केलें. नागपूरच्या स्थानकाच्या इतिहासांतली ही सर्वांत मोठी घटना होय, आणि ती कोणत्याही कोनशिलेवर कोरलेली नाहीं.

राहिला प्रश्न त्या पूर्वेच्या शहराचा, ज्याच्याकडे स्थानकाची पाठ होती. त्याचें उत्तर येण्यास दीडशें वर्षें लागलीं. लंडनमध्यें जमिनीखालून धांवणारी जगांतली पहिली शहरी आगगाडी १० जानेवारी १८६३ रोजीं सुरू झाली. म्हणजे नागपुरास साधी आगगाडी येण्यापूर्वीं चार वर्षें. त्या मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या नांवावरूनच 'मेट्रो' हा शब्द पुढें जगभर पसरला. भारतांत अशी गाडी प्रथम कलकत्त्यास १९८४ मध्यें आली. नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्यें सुरू झाली आणि तिचा सुमारें ३८ किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं पुरा झाला. हिच्यासाठीं भुयार खणलेलें नाहीं. ती बहुतेक ठिकाणीं उंच खांबांवरून आणि खापरीकडे जमिनीवरून जाते. भुयारांतल्या प्रवाशाला एका स्थानकापासून दुसऱ्यापर्यंत फक्त अंधार दिसतो. नागपूरच्या प्रवाशाला गच्च्या, कडुलिंबाचे शेंडे, वाळत घातलेले पापड आणि टेकडीवरचा किल्ला दिसतो. हिच्या दोन मार्गांपैकीं एकाचें नांव नारिंगी आहे, हें सांगावयास नकोच.

हे दोन मार्ग, एक उत्तर-दक्षिण आणि एक पूर्व-पश्चिम, सीताबर्डीस एकमेकांना भेटतात. १९२९ मध्यें देशाच्या वाटा जशा या शहरांत मिळाल्या, तशाच ९० वर्षांनंतर शहराच्या स्वतःच्या वाटा मिळाल्या. पूर्वेकडे निघालेली गाडी जुन्या लोहमार्गावरून पार होते, आणि मोठ्या स्थानकाच्या मागल्या अंगास, संत्रा मार्केटच्या बाजूला येते. जेथें फक्त पाठ होती तेथें आतां दार आहे. त्यापुढें दोन-चार थांब्यांवर एक छोटेसें स्थानक लागतें, त्याच्या नांवांत 'चितार ओळ' हे शब्द आहेत. ही मूर्तिकारांची आणि चित्र काढणाऱ्या चिताऱ्यांची जुनी आळी. गणपतीच्या आधीं येथील घरांच्या ओट्यांवर ओल्या मातीच्या मूर्ति रांगेनें उभ्या असतात. दिल्ली-मद्रासच्या प्रवाशांच्या कानांवर हें नांव कधीं आलें नव्हतें. आतां तें यंत्राच्या स्पष्ट आवाजांत डब्याडब्यांत पुकारलें जातें, आणि परगांवचा माणूस क्षणभर मान वर करून विचारतो, 'चितार ओळ म्हणजे काय?'

नागपूरकरांच्या दृष्टीनें पाहुण्याचा हा प्रश्न कोणत्याही प्रशंसेपेक्षां मोलाचा आहे. इमारत भव्य आहे, संत्रीं गोड आहेत, गाडी वेळेवर आली, हे सर्व अभिप्राय पुढें जाणाऱ्या माणसाचे. नांवाचा अर्थ विचारणारा माणूस उतरण्याच्या विचारांत असतो. त्या लहानशा स्थानकाचा जिना उतरून तो ओळींत गेला, ओल्या मातीचा वास त्याला आला आणि एखाद्या म्हाताऱ्या चिताऱ्यानें हात पुसून त्याला बसावयास पाट दिला, म्हणजे कोलब्रुकाच्या काळीं जें नागपूर पाहुण्याला सहज दिसत होतें, तें त्यालाही दिसूं लागेल. मग त्याची पुढची गाडी चुकली, तरी त्याची फारशी तक्रार राहणार नाहीं.